मुलाखतीतलं खाकरणं

माझ्या धंद्यात कुणाच्याही घरात शिरलं की आधी पंखा बंद करावा लागतो. हे कुणालाच पटत नाही. एप्रिल महिना, वर पत्रे, आणि ही बाई येऊन म्हणते, पंखा बंद करा, फ्रिजची वायर काढा, शेळी जरा लांब बांधा. एका घरातल्या आजींनी मला तोंडावर विचारलं होतं, "मुलाखत घ्यायला आलाव का वीज तोडायला?"

मी कळंबला राहते. पूर्वी रेडिओवर शेतकऱ्यांच्या आणि महिलांच्या कार्यक्रमात हंगामी निवेदिका होते. हंगामी म्हणजे बोलावलं की जायचं, नाही बोलावलं की घरी पापड लाटायचे. पुढे बोलावणं थांबलं, पण लोकांना प्रश्न विचारायची खोड काही गेली नाही. मग मी माझा पॉडकास्ट सुरू केला. पॉडकास्ट म्हणजे दुसरं काही नाही, मोबाइलवर हवा तेव्हा ऐकायचा रेडिओ. नाव ठेवलं 'बोला की'. विहिरी फोडणारे, बांगड्या भरणाऱ्या, एसटीचे निवृत्त वाहक अशा आपल्या भागातल्या माणसांशी तासभर गप्पा मारायच्या आणि त्या लोकांना ऐकवायच्या. बाहेरगावी कामाला गेलेली आपली पोरं त्या ऐकतात. स्वयंपाक करताना ऐकतो म्हणतात. आपल्याकडची बोली कानावर पडली की बरं वाटतं म्हणतात.

लोकांना वाटतं, मुलाखत घ्यायला बोलता यावं लागतं. माझ्या मते ज्याला फार बोलता येतं त्याने या धंद्यात येऊच नये. इथं लागतो एक बरासा प्रश्न, आणि तो विचारल्यावर गप्प बसायची ताकद. त्यातली ताकद अधिक महाग आहे.

प्रश्नांचं म्हणाल तर "तुमच्याबद्दल सांगा" हा सगळ्यात वाया गेलेला प्रश्न. एका माजी सरपंचांना मी नवी असताना तो विचारला होता. ते खुर्चीतून उठले, सदऱ्याची बटणं लावली आणि "व्यासपीठावरील सर्व मान्यवर" म्हणून सुरू झाले. खोलीत आम्ही दोघं होतो आणि एक मांजर. त्यानंतर मी कधी कुणाला स्वतःबद्दल सांगायला लावलं नाही. "आज उठल्याबरोबर काय केलंत?" इथून सुरुवात करते. सकाळी उठून काय केलं याचं भाषण कुणाला करता येत नाही.

"काय वाटतं?" हाही तसाच. ढोकीकडचे एक गृहस्थ साखर कारखान्यात भोंगा वाजवण्याच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर काय वाटतं, असं त्यांना आधी कुणीतरी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "काय वाटणार? बरं वाटतंय." मी विचारलं, "आता भोंगा ऐकू आला की तुम्ही काय करता?" ते बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "बसलेला असलो तर उठून हुबा ऱ्हातो. बायकू हसती. म्हनती, आता कुनाला हजेरी द्यायचीय?" त्यानंतर त्यांना थांबवावं लागलं.

बेंबळीला एक शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या. प्रश्न ताईंना आणि उत्तर त्यांच्या यजमानांचं, असा प्रकार चालू झाला. तिला कधी शिलाई जमली, तिला कोणता रंग आवडतो, सगळं तेच सांगायला लागले. शेवटी मी म्हटलं, "दाजी, बाहेर ट्रॅक्टरचा आवाज येतोय, तेवढं तुम्ही बघितलं तर बरं होईल. दुसऱ्या कुणाचं काही ते ऐकणार नाहीत." दाजी ताठ झाले. बाहेर जाऊन त्यांनी नुसता ट्रॅक्टरच नाही, अख्खा रस्ता बंद केला. आत ताई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या, आणि ती मुलाखत अजून लोक ऐकतात.

रेकॉर्डिंग झाल्यावर घरी बसून काटछाट करायची. पाव्हण्यांनी घेतलेले चहाचे भुरके, दर वाक्याला येणारं "म्हणजे बघा", शिंका, खोकला, खाकरणं. कानात हेडफोन घालून ऐकताना खाकरणं तर अंगावर येतं. म्हणून मी प्रत्येकाला आधीच सांगते, खाकरून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. तरी मध्ये आलंच तर कापते. मूळ रेकॉर्डिंग मात्र मी कधी पुसत नाही. रेडिओच्या दिवसांत फिती पुसून पुन्हा वापरायचे. तेव्हा गेलेले काही आवाज अजून आठवतात, म्हणून ही सवय.

हे सगळं सांगायचं कारण विश्वनाथअप्पा.

त्यांच्या मुलीचा, सुरेखाचा, मला लातूरहून फोन आला. ती लग्न होऊन तिकडे गेलेली आणि माझा कार्यक्रम नेमाने ऐकणारी. "ताई, आमच्या अप्पांची मुलाखत घ्याल का? जरा लवकर."

"लवकर म्हणजे?"

"ऑपरेशनच्या आधी," ती म्हणाली.

अप्पांना घशाचा कॅन्सर झाला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला पुढून छिद्र ठेवतील, श्वास त्यातून घ्यायचा. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. कुजबुजसुद्धा नाही.

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अप्पांना न ओळखणारा माणूस नव्हता. एका अडत दुकानाचे ते दिवाणजी. शेतकरी माल आणतात, दुकानासमोर ढीग घालतात, व्यापारी गोळा होतात, आणि एक माणूस ढिगापाशी उभा राहून भाव पुकारतो. तो माणूस म्हणजे अप्पा. त्यांचा पुकारा रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा. आवाज बसायला लागला तेव्हा म्हणूनच कुणाला काही वाटलं नाही. मोंढ्यात सगळ्यांचेच घसे बसलेले. तिथली धूळ, भुसा, वरून दिवसभर ओरडणं. अप्पा गूळ आणि सुंठ खात राहिले.

सुरेखाने मला प्रश्न लिहून पाठवले होते. नातवंडांना काय संदेश द्याल, आयुष्यात काय कमावलं, वगैरे. मी ते वाचले आणि बाजूला ठेवले. ज्याचा आवाज आता थोडकाच उरलाय, त्याला संदेश मागितला की तो माणूस फोटोला बसल्यासारखा बसतो. मला अप्पांचा रोजचा आवाज हवा होता. तरी सांगते, इतकी भीती मला कुठल्याच मुलाखतीची वाटली नव्हती. एरवी प्रश्न चुकला तर परत जाता येतं. इथं परत जायची सोय नव्हती.

अप्पा बाजेवर बसले होते, गळ्याभोवती उपरणं. सुरेखा शेजारी. त्यांच्या पत्नी कमलकाकू स्वयंपाकघराच्या दाराआड, पदराचं टोक तेवढं दिसत होतं. मी पंखा बंद केला आणि सवयीने म्हणाले, "अप्पा, खाकरून घ्यायचं असलं तर घ्या."

"आता खाकरून काय निघत न्हाय, ताई," अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काय निघायचं ते डॉक्टरच काढणार हाय."

सुरेखाने मान फिरवली. मी विचारलं, "पहिल्यांदा पुकारायला उभे राहिलात तेव्हा आवाज निघाला का?"

"कुठला निघतोय! मालक म्हनले, पुकार. समोर आमच्याच गावचा माणूस, त्याचीच तूर. मला वाटलं, भाव कमी गेला तर ह्याला तोंड कसं दावू? तोंडच उघडंना. मग त्योच शेतकरी वराडला, आरं पुकार की, मला सांजच्या एसटीनं जायचंय!" अप्पा हसले, हसता हसता खोकले, आणि मला म्हणाले, "हे कापा बरं का."

मग मी म्हटलं, "एक ढीग पुकारून दाखवा."

"घरात ढीग कुठं हाय?"

कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या गोधड्या होत्या. त्यांच्याकडे बोट केलं. अप्पा उठले, उपरणं काढून ठेवलं, गोधड्यांसमोर पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी हरभरा पुकारला. आवाज फाटलेला होता, मध्येच विझत होता, पण चढत गेला. एक वार, दोन वार, तीन वार, आणि उजव्या हाताचा तळवा उलटा करून "दिला!" रस्त्याने जाणारी माणसं दारात थबकली. मला रडू आवरेना, आणि प्रश्न विचारणाऱ्याने रडायचं नसतं, म्हणून मी मशिनची बटणं बघत बसले.

अप्पा थकून बसल्यावर मी माझ्या मनातला प्रश्न विचारला. "घरात एकेकाला हाका कशा मारता?"

हे त्यांना सोपं गेलं. "सुरेऽऽ" अशी मुलीला हाक मारून दाखवली. सुरेखा लहान मुलीसारखं "ओ" म्हणाली. लातूरला असलेल्या दोन्ही नातवांना मारून दाखवली, शेजारच्या मुलाला मारून दाखवली.

"आणि काकूंना?"

अप्पा गडबडले. दाराआड पदर हलला. "हिला? हिला काय हाक मारायची? हिला कळतंय."

"कसं कळतं?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि खाकरले. मला वाटलं, त्रास होतोय. मी म्हटलं, "सावकाश अप्पा, पाणी घ्या," आणि सुरेखा लगबगीने तांब्या घेऊन आली. ते पाणी प्यायले. मी पुढचा प्रश्न विचारला.

घरी येऊन मी काटछाट केली. मुलाखत छान झाली, लोकांनी खूप ऐकली. मोंढ्यातल्या हमालांनी दुपारी भाकरी खाताना ती मोबाइलवर मोठ्याने लावली होती म्हणे. "हिला कळतंय" यावर सगळे हसले. तोवर सोलापूरला अप्पांचं ऑपरेशन झालं होतं.

पाऊसकाळ उलटून गेल्यावर कमलकाकूंचा मला फोन आला. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता. "ताई, सुरी म्हनली तुमी त्यातलं कापता म्हनून. न कापलेलं हाय का तुमच्याकडं?"

"आहे की. काय हवंय?"

"तुमी या. फोनवर न्हाय सांगता येत."

मी गेले. अप्पा घरी नव्हते. ते अजून रोज मोंढ्यात जाऊन दुकानाच्या पायरीवर बसायचे. काकूंनी माझ्यासमोर पाट ओढला आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मीही गप्प बसले, तेवढं मला येतं.

"लगीन झालं तवा घरात सासू-सासरे, दोन दीर," काकू म्हणाल्या. "सगळ्यांच्या म्होरं बायकूला हाक मारायची आमच्यात रीत न्हवती. मग हे मोंढ्यातनं आले की दारात खाकरायचे. एक लांब, एक तुटका. म्या वळखायची. पदर घ्यायचा आन् चहाचं आधन ठिवायचं. सासू-सासरे गेले, दीर येगळे झाले, पर हे तसंच ऱ्हायलं. जन्मभर दुसरी हाक न्हाय मारली त्यांनी मला."

मी काय कापून टाकलंय ते मला तेव्हाच कळलं, पण काकूंना थांबवलं नाही.

"आता घरात येत्यात ते कळतच न्हाय. परवा मागनं येऊन हुबे ऱ्हायले, माझ्या हातातलं भगुनं पडलं. तवापस्नं बिचारे कडी वाजवत्यात." काकूंनी दाराकडे बघितलं. "कडी काय, कुनीबी वाजवतंय."

मी मशीन काढलं, छोटा स्पीकर जोडला. न कापलेली मुलाखत पहिल्यापासून लावली. त्यात अप्पा पुष्कळदा खाकरले होते. मी एकेक ऐकवत गेले. काकू प्रत्येक वेळी मान हलवायच्या. "ह्ये न्हवं. ह्ये आजाराचं हाय." पुन्हा पुढचं. "ह्येबी न्हाय." मी विचारलं, "तुम्हाला फरक कळतो?" त्यांनी हातानेच पुढचं लावायला सांगितलं.

मग माझाच आवाज आला, "आणि काकूंना?" मग अप्पांचा. हिला कळतंय. कसं कळतं? आणि त्यानंतर ते. एक लांब, एक तुटका.

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर डोक्यावर गेला होता आणि पाऊल स्वयंपाकघराकडे पडलं होतं. तिथंच त्या थांबल्या. स्पीकरमधून मी अप्पांना पाणी घ्या म्हणत होते.

आम्ही दोघींनी दाराकडे बघितलं. अप्पा दारात उभे होते. गळ्याला पांढरा रुमाल, कडी वाजवायला उचललेला हात तसाच वर. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी स्पीकरकडे बघितलं, उभ्या राहिलेल्या काकूंकडे बघितलं, आणि तो वर उचललेला हात पुढे करून तळवा उलटा केला. मोंढ्यात ढीग दिल्यावर करायचे तसा. त्यांचे ओठ हलले, आवाज अर्थातच नाही. मग ते बाजेवर जाऊन बसले आणि काकूंनी आत जाऊन चहा ठेवला.

मी माणसांना प्रश्न विचारून त्यावर पोट भरलं, आणि मिळालेलं सगळ्यात खरं उत्तरच मला कळलं नाही. माझ्या कानांना ते घाण वाटलं म्हणून मी ते कापून टाकलं. याचं मला वाईट वाटतं, आणि ते बरेच दिवस वाटत राहील.

निघताना मी काकूंना म्हटलं, "तेवढंच काढून तुमच्या फोनमध्ये घालून देते."

"नगं," त्या म्हणाल्या. "दर खेपंला उठावं वाटंल. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आन् ते कुनाला ऐकवू नगा, माझं हाय ते." कोपऱ्यापर्यंत त्या माझ्यासोबत आल्या. तिथं थांबून म्हणाल्या, "तुमी मगा इचारलं, फरक कळतो का म्हनून. आता कळतोय, ताई. तवा न्हाय कळला. आजार कळला त्याच्या वरीसभर आधीपस्नं त्यांचं खाकरणं वाढलं व्हतं. घरात असले तरी खाकरायचे, जेवताना खाकरायचे. मला वाटायचं, मलाच बोलवत्यात. लई बरं वाटायचं. म्या आपली उठून चहा टाकायची."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. रस्त्यातून दुचाक्या जात होत्या, त्यांचे हॉर्न वाजत होते.

त्यानंतर अप्पा एक दिवाळी बघून गेले. आजार पुन्हा वर आला होता. मोंढा त्या दिवशी सकाळी बंद ठेवला होता. मी गेले तेव्हा माणसांनी गल्ली भरली होती आणि तेवढ्या माणसांत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्यांचं ते खाकरणं माझ्याकडे आहे. कुणाला ऐकवलेलं नाही. पण आता मी पाव्हण्यांना आधी खाकरून घ्या असं सांगत नाही, आणि मध्ये कुणी खाकरलं तर थोडी थांबते.

मागच्या महिन्यात काकू बाजारात भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. घरी चला म्हणाल्या, म्हणून गेले. सुरेखा लातूरला, घरात दुसरं कुणी नाही, दाराला बाहेरून कुलूप. किल्ली लावायच्या आधी काकू उंबऱ्यापाशी थांबल्या, पिशवी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि खाकरल्या. एक लांब, एक तुटका. मग कुलूप काढून आत गेल्या आणि आतून मला म्हणाल्या, "या, बसा. चहा टाकते."